साजूक कॅलरी

परवा कॅन्टीनमध्ये आमच्या टीममधला एक जण डबा उघडून समोर बसला. नाचणीची भाकरी, तिच्यावर सढळ हाताने सोडलेलं तूप, कोपऱ्यात गुळाचा खडा आणि वरच्या पुडात खजुराचे दोन लाडू.

"वजन कमी करतोय," म्हणाला. "मैदा, साखर, रिफाइंड तेल सगळं बंद. तीन महिने झाले."

"अरे वा! किती उतरलं?"

"उतरलं नाहीये अजून. पण आतून एकदम बरं वाटतंय."

मी काहीच बोललो नाही. जेवताना माणसाला त्याच्या ताटावरून बोलू नये, एवढी अक्कल लग्नानंतर आलेली आहे. शिवाय दोनेक वर्षांपूर्वी मी डिट्टो हाच डबा घेऊन याच टेबलावर बसायचो आणि हेच वाक्य बोलायचो. तेव्हा न बोललेलं सगळं आता शनिवारी सकाळी इथे लिहून मोकळा होतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना राग यायचाय त्यांना तो लवकर येईल. वजन उतरणार की नाही, हे तुम्ही किती खाता यावर ठरतं. काय खाता यावर बाकी पुष्कळ काही ठरतं. भूक किती लागणार, रक्ताच्या रिपोर्टात काय येणार, वगैरे. पण 'काय' नीट केलं म्हणून 'किती' माफ होत नाही. आणि सध्या आपल्याकडे सुशिक्षित, रील्स बघणाऱ्या, लेबल वाचणाऱ्या मंडळींमध्ये नेमका हाच समज पसरलाय, की खाणं 'शुद्ध' असलं की मोजायची गरज नाही. हा समज चुकीचा आहे. आमच्या घरात तरी तो महागात पडलेला आहे. ते पुढे येईलच.

आधी माझी कहाणी.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत कंपनीच्या वार्षिक तपासणीत एचबीएवनसी ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. उंची पाच फूट आठ इंच, वजन ८२ किलो. वडिलांना मधुमेह होताच. घाबरलो. आणि घाबरलेला इंजिनिअर जे करतो तेच केलं, रात्री दोनपर्यंत व्हिडिओ बघितले. निष्कर्ष असा निघाला की साखर विष आहे, मैदा विष आहे, रिफाइंड तेल तर विचारूच नका, आणि आपले पूर्वज तूप खाऊन काटक होते.

मग घरात क्रांती झाली. साखर गेली, गूळ आला. तेल लाकडी घाण्याचं. तूप ए-२ गायीचं, बिलोना पद्धतीचं (किंमत सांगत नाही, बायकोला कळेल). सकाळी कोमट पाण्यात चमचाभर तूप, अकरा वाजता खजूर-ड्रायफ्रूटचा 'शुगर-फ्री' लाडू, संध्याकाळी बिस्किटांऐवजी गुळाची चिक्की, आणि जिमच्या दिवशी केळं, पीनट बटर, मध आणि म्हशीचं दूध घालून स्मूदी. आठ महिने इमानेइतबारे पाळलं. पुन्हा तपासणी केली.

वजन ८४. एचबीएवनसी ६.२.

आता प्रॉडक्शनमध्ये सर्व्हर रडायला लागला तर आपण काय करतो? आधी मोजतो. कुठल्या फंक्शनमध्ये वेळ जातोय हे बघितल्याशिवाय कोड बदलायला घेतलात तर सीनियर माणूस झापतो. आणि मी आठ महिने न मोजता 'ऑप्टिमाइझ' करत बसलो होतो! मग पाचशे रुपयांचा स्वयंपाकघरातला वजनकाटा मागवला आणि आठवडाभर सगळं मोजून लिहून काढलं. जेवणं सोडून फक्त वरचे 'हेल्दी' जिन्नस बघा. मोठा चमचाभर तूप १२०. चाळीस ग्रॅमचा लाडू १६०. चिक्कीच्या दोन वड्या १९०. स्मूदी साधारण ५००. बेरीज ९७०. माझ्यासारख्या दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला दिवसाला लागतात सुमारे २२००. म्हणजे स्मूदीच्या दिवशी जवळजवळ निम्मं इंधन मी 'जेवणाव्यतिरिक्त' भरत होतो, आणि तेही पुण्य समजून.

तुपाची जात कुठलीही असो, एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी. ऑलिव्ह ऑइल ९, घाण्याचं शेंगदाणा तेल ९, पामतेल ९. शंभर ग्रॅम साखरेत ४०० च्या जवळपास, गुळात ३८० च्या जवळपास. गव्हाचं पीठ आणि ज्वारीचं पीठ, शंभर ग्रॅमला जवळपास सारखंच. उलट फुलका पंचवीस-तीस ग्रॅम पिठाचा असतो आणि घरची दणकट भाकरी सहज सत्तर ग्रॅमची. 'पोळी सोडून भाकरीवर आलो' म्हणणाऱ्या किती जणांनी हे कधी बघितलंय?

ह्यात नवीन काहीच नाही, हेच तर वाईट आहे. १८९० च्या दशकात अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठात विल्बर ॲटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने माणूस आत राहू शकेल एवढी खोली बांधली. त्या खोलीत माणसाला काही दिवस ठेवायचं, आत जाणारं अन्न मोजायचं, बाहेर येणारी उष्णता, श्वास, मलमूत्र सगळं मोजायचं. जमाखर्च जुळला. माणसाचं शरीर ऊर्जेच्या नियमातून सुटत नाही, हे सव्वाशे वर्षांपूर्वी कळलेलं आहे. पाकिटावर आज कर्बोदकांना ४, प्रथिनांना ४, स्निग्धाला ९ असा जो हिशोब असतो तो त्याच कामातून आलाय.

इथे कोणीतरी हात वर करून म्हणणार, "पण सगळ्या कॅलरी सारख्या नसतात!" बरोबर आहे, नसतात. प्रथिनं पचवायलाच त्यातली वीस ते तीस टक्के ऊर्जा खर्च होते. अख्खे बदाम पूर्ण पचत नाहीत; २०१२ मध्ये अमेरिकन कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी माणसांवर मोजून दाखवलं, की २८ ग्रॅम बदामांतून १७० नव्हे, १२९ कॅलरीच अंगी लागतात. मान्य. एकदम मान्य. पण ही सूट आहे, माफी नव्हे. दुकानदाराने तीस टक्के डिस्काउंट दिला म्हणजे फुकट दिलं असं होत नाही. आणि मूठभर बदाम खायच्या जागी आपण तीन मुठी खाल्ल्या, तर डिस्काउंटचं काय लोणचं घालायचं?

आता उलट टोकाचा माणूस बघा. २०१० मध्ये कॅन्सस स्टेट विद्यापीठातल्या मार्क हॉब या पोषणशास्त्राच्या प्राध्यापकांनी दहा आठवडे मुख्यतः क्रीम भरलेले केक, चिप्स, कुकीज आणि साखरेची सीरिअल्स खाल्ली. बरोबर थोडी भाजी, प्रोटीन शेक आणि व्हिटॅमिनची गोळी. अट एकच, दिवसाला १८०० च्या आत. वजन १२ किलो उतरलं. वाईट कोलेस्टेरॉल घटलं, चांगलं वाढलं. त्यांनी स्वतःच सांगितलं होतं की हे कुणी आहार म्हणून घेऊ नये. एका माणसाचा प्रयोग आहे, त्यावर सिद्धांत उभारू नये. पण 'साखर खाल्ली की वजन उतरूच शकत नाही' या विधानाला खोटं पाडायला एक माणूस पुरतो. टेस्टिंगमध्ये एकच फेल होणारी केस पुरते ना, तसंच.

"मी काहीच खात नाही हो, तरी वाढतंय." हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, बहुतेकांनी बोललंय. १९९२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये असं म्हणणाऱ्या दहा लठ्ठ व्यक्तींचा अभ्यास छापून आला होता. त्यांचा खर्च प्रयोगशाळेत मोजला. चयापचय मंद वगैरे काही नव्हतं. आपण किती खातो हे ते सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होते आणि व्यायाम ५१ टक्क्यांनी जास्त. खोटारडी माणसं नव्हती ती. माणसाला अंदाज येत नाही, इतकंच. मलाही आला नव्हता. सिंहगड चढून गेल्यावर झुणका-भाकर, भजी, मडक्यातलं दही हाणताना 'आज तर चढलोय' असं मनाला सांगितलंच होतं की.

आणि घरात? आमच्याकडे तेलाचा पाच लिटरचा कॅन आणला त्या दिवशी मी त्यावर मार्करने तारीख लिहिली. (बायकोने कपाळाला हात लावला.) ३१ दिवसांत संपला. चार माणसं, त्यात एक सात वर्षांची. पाच लिटर म्हणजे साधारण ४६०० ग्रॅम. भागा ३१ ने, भागा ४ ने. दरडोई रोज ३७ ग्रॅम तेल, ३३० च्या वर कॅलरी. तूप, दाण्याचं कूट, खोबरं वेगळं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या २००० कॅलरींच्या नमुना ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. आम्ही बाहेरचं फारसं खात नव्हतो बरं का. सगळं 'घरचं'.

बाजाराने हे बरोबर ओळखलंय. 'हेल्दी' हा शब्द आता चवीचं किंवा गुणाचं वर्णन राहिलेला नाही, तो परवानगीचा शिक्का झालाय. 'नो ॲडेड शुगर' लिहिलेल्या खजुराच्या बारमध्ये साखर खजुराची असते, तेवढाच फरक. 'बेक्ड' चिवडा, 'मल्टिग्रेन' खाकरा, मखाणे (तुपात परतलेले). 'कमी खा' हा सल्ला कुणाला विकता येत नाही. 'हे खा' हा येतो. त्यामुळे तुम्हाला येणाऱ्या प्रत्येक सल्ल्यात काहीतरी विकत घ्यायचं असतं.

उपासाचंही तेच. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या आज्यांना माहीत होती. साबुदाणा, बटाटा, दाण्याचं कूट आणि तूप एकत्र केल्यावर काय होतं ते कळायला त्यांना ॲप लागलं नाही.

इथपर्यंत वाचून 'कॅलरी इन, कॅलरी आउट' पंथाची जिमवाली मंडळी खूश झाली असतील. थांबा, तुमचाही नंबर आहे.

वजनकाटा आल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. १५०० कॅलरी, काय वाट्टेल ते. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी कॅन्टीनचं सँडविच, रात्री दोन स्लाइस पिझ्झा, डाएट कोला. हिशोब चोख. सहा आठवड्यांत साडेतीन किलो उतरलं! टीममध्ये आकडे दाखवत फिरलो. आणि मग रिलीजची एक रात्र आली. साडेबारा वाजता डिप्लॉयमेंट अडकलं, मी ऑन-कॉल, टेबलावर कुणीतरी आणलेलं बाकरवडीचं अर्धा किलोचं पाकीट. पहाटे तीन वाजता पाकीट रिकामं होतं आणि त्यातला दुसऱ्याचा वाटा फार तर चार बाकरवड्यांचा. ती एक रात्र असती तर ठीक. पण मी सहा आठवडे सतत भुकेला होतो. मीटिंगमध्ये भुकेला, झोपताना भुकेला. बांध फुटला तो फुटलाच. दोन महिन्यांत पुन्हा ८३.

ह्याचंही उत्तर प्रयोगशाळेत सापडतं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांच्या गटाने २० जणांना महिनाभर संशोधन केंद्रातच मुक्कामाला ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात बनणारं, अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, स्निग्ध, फायबर सारखंच. सूचना एकच, हवं तेवढं खा. पहिल्या प्रकारात माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि भराभर खात होती. दोन आठवड्यांत वजन साधारण ९०० ग्रॅम वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. मोजायला कुणालाच सांगितलं नव्हतं.

म्हणजे बघा, दर्जा काम करतो, पण तो 'किती'च्या मार्फतच करतो. साधं, चावावं लागणारं, पोट भरणारं अन्न असलं की हात आपोआप लवकर थांबतो. स्टॅनफर्डमध्ये २०१८ मध्ये ६०९ जणांवर वर्षभर अभ्यास झाला. निम्म्यांना स्निग्ध कमी, निम्म्यांना कर्बोदकं कमी. दोघांनाही चांगलं, साधं अन्न खा असं सांगितलेलं, कॅलरी मोजायला सांगितलेलं नाही. सरासरी वजन घटलं ५.३ आणि ६ किलो, म्हणजे फरक नगण्य. आणि दोन्ही गटांचं खाणं मुळातल्यापेक्षा रोज पाचेकशे कॅलरींनी कमी झालं होतं. पण सरासरीच्या आत बघितलं तर कुणाचं जवळजवळ तीस किलो उतरलं, कुणाचं दहा वाढलं! एकाच सल्ल्यावर. ज्याचा हात आपोआप थांबला त्याचं भलं झालं. ज्याचा नाही थांबला, त्याला कळणार कसं? त्याने तर सगळं 'योग्यच' खाल्लं होतं.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या 'दोन वेळा, ५५ मिनिटं'चंही मला हेच वाटतं. त्यामागची त्यांची मांडणी इन्सुलिनची आहे. माझ्या ओळखीत ज्यांचं वजन उतरलं त्यांच्याकडे बघताना मला मात्र एवढंच दिसलं, की दिवसातले तीन चहा, सहा बिस्किटं आणि साडेचारची भेळ गेली. आणि २०२५ मध्ये भारतात विक्रीला आलेली वजनाची इंजेक्शनं? त्यातल्या सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं होतं. ते औषध ताटातलं काही बदलत नाही. प्रामुख्याने भूक मारतं. माणूस कमी खातो, वजन उतरतं. 'किती'चा याहून मोठा पुरावा काय हवा?

आता जे पुढे ढकलत होतो ते.

माझ्या बाबांना सेहेचाळिसाव्या वर्षी मधुमेह झाला. बाबा अजिबात लठ्ठ नव्हते, थोडं पोट होतं इतकंच. आपल्याकडे हे असंच होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा शेजारी शेजारी फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणून भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात. आपण 'बारीकच तर आहे' म्हणतो तोपर्यंत आत बराच साठा झालेला असतो.

बाबांनी आयुष्यात चिप्सचं पाकीट फोडलं नाही. कोल्ड्रिंक नाही, मैद्याचं नाही, हॉटेलात वर्षातून दोनदा. मधुमेह झाल्यावर साखरही सोडली. पण आमटी-भातावर तूप, दुपारी दोन भाकऱ्या, 'अजून अर्धी घ्या, गरम आहे', रात्री दूध, येता-जाता दाणे-गूळ. सगळं घरचं, सगळं आईच्या हातचं. त्यांच्या ताटात दोष काढायला आजच्या कुठल्याही इन्फ्लुएन्सरला जागा सापडली नसती. बावीस वर्षांनी मूत्रपिंडं गेली. शेवटचं दीड वर्ष आठवड्यातून दोनदा डायलिसिस. २०२३ मध्ये गेले.

माहितीये, एका माणसावरून सिद्ध काही होत नाही. आनुवंशिकता असते, नशीब असतं, औषधांचे चुकलेले डोस असतात. कमी जेवले असते तर वाचले असते असं मी म्हणत नाहीये. पण त्या बावीस वर्षांत 'गोड बंद करा' हे सगळ्यांनी सांगितलं आणि 'किती जेवता?' हे आमच्या घरात कुणी कुणाला विचारलं नाही. मीही नाही. विचारायचं तरी कसं? आपल्याकडे ताटातलं मोजणं म्हणजे अपमान. वाढणाऱ्याचाही आणि जेवणाऱ्याचाही.

म्हणून जेव्हा मी ओट्यावर वजनकाटा ठेवला आणि तुपाची वाटी त्यावर धरली, तेव्हा आई दारात उभी होती. आधी म्हणाली, "आता मोजून जेवणार का घरात? खानावळ आहे का ही?" मी तिला समजावलं. तेलाच्या कॅनचा हिशोब दाखवला, भाकरीचं वजन दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. जरा वेळाने विचारलं, "म्हणजे मी तुझ्या बाबांना चुकीचं वाढत होते का रे?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे अभ्यास नव्हता.

"नाही गं," म्हणालो. "आपल्याला कुणालाच माहीत नव्हतं." ते खरंच आहे. पण आज आपल्याला माहीत आहे. पाचशे रुपयांचा काटा आहे, फोनमध्ये प्रत्येक पदार्थाचा आकडा आहे, आणि तरीही आपण 'क्लीन खातो' म्हणून मोजायचं टाळतो. मला राग येतो तो ह्याचा. आईला माहीत नव्हतं. आपल्याला माहीत करून घ्यायचं नाहीये.

मी आता काय करतो, ते थोडक्यात. (डॉक्टर नाहीये मी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. साखर एकदम उतरू शकते.)

वरचे सगळे 'हेल्दी' जिन्नस बंद. जेवायचं तर ताट घेऊन बसायचं. ताटात आधी उसळ किंवा घट्ट वरण, दोन अंडी किंवा पनीर, वाटीभर नाही तर चांगली दोन वाट्या भाजी आणि कोशिंबीर. मग भाकरी एक, किंवा फुलके दोन. भात रविवारी. तूप आहे, पण लहान चमचा, सपाट. फोडणीचं तेल पळीने नाही, मोजून. पहिले सहा आठवडे सगळं तोललं, नंतर डोळ्याला सवय झाली; आता महिन्यातून एक आठवडा काटा बाहेर काढतो, कारण डोळा हळूहळू पुन्हा उदार होतो. लक्ष्य रोज साधारण १८००. भूक लागते, पण वेड लागत नाही. कारण ताटात प्रथिनं आणि चोथा आहे, बिस्किटं नाहीत. दर्जाची गरज मला इथे लागली, उपाशी न राहता आकडा पाळता यावा म्हणून.

अकरा महिन्यांत ८३ चे साडेचौऱ्याहत्तर झाले. एचबीएवनसी ५.६. मध्ये लग्नसराई होती, दिवाळी होती, दोन महिने काटा हललाच नाही. चालायचंच.

तेव्हा माझ्या कॅन्टीनमधल्या मित्रा (आणि तुम्हीही, लाडू हातात धरून वाचणारे), नाचणी सोडू नकोस, गूळ फेकू नकोस. फक्त सात दिवस तोल. काही बदलू नकोस, नुसतं तोल आणि लिही. आठव्या दिवशी बेरीज बघून मला शिव्या घालायच्या असतील तर जरूर घाल, डबा घेऊन समोरच बसलेला असेन.

बाकी आईने काटा अजून पूर्ण माफ केलेला नाही. पण परवा भाकरी थापताना परातीतल्या पिठाचा गोळा उचलून तिने स्वतःच काट्यावर ठेवला, आकडा बघितला, चिमूटभर पीठ काढून परत डब्यात टाकलं आणि म्हणाली, "हं. बस जेवायला."